निवळी, तुरटी आणि क्लोरीन : कल्याणच्या पाण्याच्या निमित्ताने

अकराव्या शतकात चालुक्य वंशातील पहिल्या सोमेश्वराने मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड सोडून कल्याण येथे राजधानी नेली, आणि या नगरात, म्हणजे १९५६ पासून बसवकल्याण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी, तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. राजाने प्यावयाच्या पाण्याचा विचार या ग्रंथाच्या ‘पानीयभोग’ या प्रकरणात आणि राजाच्या जलविहाराचा विचार ‘सलिलक्रीडा’ या प्रकरणात आला आहे. पिण्याचे पाणी आणि खेळण्याचे पाणी या दोहोंची चिंता राजदरबाराला वाहावीशी वाटली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

गढूळ पाणी स्वच्छ करण्याची विद्या त्याहून पुष्कळ जुनी आहे. सुश्रुतसंहितेने कतक म्हणजे निवळीच्या बियांचा उल्लेख केला आहे, तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेने विहिरीत टाकण्यासाठी मुस्ता, वाळा, आवळा इत्यादींबरोबर कतकाचे चूर्ण सांगितले आहे. निवळीची बी भांड्याच्या आतल्या अंगाला घासली की तिच्यातील द्रव्ये पाण्यात तरंगणारे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटवतात आणि ते जड होऊन तळाशी बसतात. तुरटीचा खडा फिरवल्यावरही हेच घडते. मराठीतील ‘निवळणे’ हे क्रियापद या दृश्याला नेमके साजते. मात्र पाणी हिरवे करणारे शेवाळ ही माती नसून सजीव वनस्पती आहे. ऊन आणि खताचे क्षार मिळत राहिले की ती पुन्हा वाढते, आणि तिला मारण्याचे सामर्थ्य निवळीत नाही.

ते सामर्थ्य क्लोरीनने आणले. शेले या स्वीडिश रसायनज्ञाने हा वायू १७७४ मध्ये वेगळा केला, टेनंट या रसायनज्ञाने १७९९ मध्ये विरंजक चूर्ण म्हणजे ब्लीचिंग पावडर कापड पांढरे करण्यासाठी बनवली, आणि पुढे शंभरएक वर्षांनी, १९०२ मध्ये बेल्जियममधील मिडलकर्क येथे व १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे, क्लोरीन नियमितपणे पिण्याच्या पाण्यात मिसळला जाऊ लागला. मराठवाड्यातील ग्रामपंचायतींत टीसीएल म्हणून परिचित असलेली पावडर याच कुळातली असून तिच्यात ताजेपणी सुमारे एक तृतीयांश उपयुक्त क्लोरीन असतो, जो दमटपणाने घटत जातो.

पोहण्याच्या तलावात हिरवे पाणी दिसले की नुसती पावडर ओतून भागत नाही. आधी शेवाळ घासून मोकळे करावे लागते. मग पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणावा लागतो, कारण तो ८ च्या पुढे गेला की जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाचा मोठा अंश निष्प्रभ होतो, आणि पावडरीतला चुना सामू वाढवतोच. उन्हात क्लोरीन झपाट्याने नष्ट होतो, म्हणून मोठी मात्रा सूर्यास्तानंतर देतात. मेलेले शेवाळ हिरवे न राहता पांढुरके-राखाडी होते आणि पाणी तरीही गढूळच दिसते. येथेच पुष्कळजण क्लोरीन वाढवत राहतात, वास्तविक तेथे क्लोरीनचे काम संपून गाळणीचे, तुरटीचे व तळाचा गाळ उपसण्याचे काम सुरू झालेले असते. मारणे आणि निवळवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे ओळखले नाही तर पैसा व रसायन दोन्ही वाया जातात.

बसवकल्याणच्या त्रिपुरांत तलावासारख्या जिवंत जलाशयाला ही पद्धत लावता येत नाही, कारण क्लोरीन शेवाळाबरोबर मासेही मारतो. तेथे सांडपाणी व खतांचा ओघ थांबवणे हाच उपाय आहे.