अतिक्रांतिक कार्बन डाय-ऑक्साइड : एंझाइम-विक्रियांतील विद्रावक

३१.१° से. तापमान आणि ७३.८ बार दाब या क्रांतिक मर्यादा ओलांडलेला कार्बन डाय-ऑक्साइड. या अवस्थेत द्रव आणि वायू हा भेद उरत नाही. घनता द्रवाच्या जवळपास जाते, श्यानता मात्र वायूसारखी कमी राहते. दाब बदलून त्याची विरघळवण्याची क्षमता कमीजास्त करता येते. तो जळत नाही आणि उत्पादनात हेक्झेनसारखा अवशेष ठेवत नाही. म्हणून त्याची गणना हरित विद्रावकांत होते.

कार्यपद्धती : तेले, मेदाम्ले व सुगंधी अल्कोहॉले यात विरघळतात, एंझाइम विरघळत नाही. ते आधारद्रव्यावर स्थिर करून पात्रात भरतात व त्यातून विक्रियाकारकांसह हा प्रवाह सोडतात. पुढे दाब उतरवला की वायू निघून जातो, उत्पादन खाली राहते आणि वायू पुन्हा दाबून वापरता येतो. एस्टरे तयार करण्यासाठी लायपेज हे एंझाइम विशेष वापरले जाते.

इतिहास : १९८५ मध्ये रँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी अल्कलाइन फॉस्फटेज, तर हॅमंड, क्लिबानॉव्ह आदींनी पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या माध्यमात क्रियाशील राहते, असे दाखवले. भारतात बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिरिधर मद्रास यांच्या गटाने लायपेजद्वारे सुगंधी एस्टरांच्या निर्मितीचा अभ्यास केला. मुंबईच्या आयआयटीतील ममता मुखोपाध्याय यांचा या वायूने नैसर्गिक अर्क काढण्यावरील ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

मर्यादा : ध्रुवीय पदार्थ यात फारसे विरघळत नाहीत. पाण्याशी संयोग होऊन कार्बोनिक आम्ल बनते व एंझाइमाभोवतीची आम्लता वाढते. प्रथिनातील अमिनो गटांशीही वायूची विक्रिया होते. एंझाइमाला थोडे पाणी लागतेच, पण ते जास्त झाले तर एस्टरांचे जलविच्छेदन होते. दाब झटकन उतरवल्यास एंझाइमाची क्रियाशीलता घटू शकते. उच्च दाबाची पात्रे महाग असतात.

अहिल्यानगर जिल्ह्याचा संदर्भ : येथील उन्हाळी दुपारचे तापमान क्रांतिक तापमानाहून अधिक असते, खरा खर्च दाबाचा आहे. कच्चा माल मात्र जवळच आहे. प्रवरानगरसारख्या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात मळीपासून अल्कोहॉल तयार होते. किण्वनात १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांततः ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. उसाने हवेतूनच घेतलेला हा वायू धुऊन, वाळवून व दाबून विद्रावक म्हणून वापरता येतो. साकरवाडी (ता. कोपरगाव) येथे इथेनॉलपासून इथिल ॲसिटेट हे एस्टर बनवले जाते, म्हणजे एस्टर-रसायनाचा अनुभवही जिल्ह्यात आहे. या विद्रावकाचा हरितपणा वायूचा उगम, त्याचा पुनर्वापर आणि दाबासाठी लागणारी वीज या तिन्हींवर ठरतो. त्यांपैकी उगमाची बाजू ऊसपट्ट्यात भक्कम आहे.