बहुसदस्यीय प्रभाग आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व : कोल्हापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१५ जानेवारी २०२६ रोजी कोल्हापूर महानगरपालिकेची निवडणूक बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीने पार पडली. २०१५ साली ८१ प्रभागांतून प्रत्येकी एक याप्रमाणे निवडल्या गेलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नव्या रचनेत सदस्यसंख्या ८१ इतकीच ठेवण्यात आली, प्रभाग मात्र २० झाले. त्यांपैकी १९ चार सदस्यांचे व एक पाच सदस्यांचा. प्रभाग मोठा झाला आणि जागा अनेक झाल्या म्हणजे विखुरलेल्या अल्पसंख्य गटांनाही त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान मिळेल, असा समज सहज होण्यासारखा आहे. हा समज कितपत साधार आहे, हे या पद्धतीच्या पूर्वेतिहासाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

योगायोग असा की, याच तारखेला १०७ वर्षांपूर्वी, १५ जानेवारी १९१९ रोजी, आयर्लंडमधील स्लायगो नगरपालिकेची निवडणूक एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने झाली. तेथेही प्रभाग बहुसदस्यीय होते. परंतु मतदारास मत एकच होते आणि ते पसंतीक्रमाने नोंदवावयाचे होते. २४ जागांपैकी करदात्यांच्या संघाला ८ आणि शिन फेनला ७ जागा मिळाल्या. कोणत्याही एका पक्षाला सारे शहर जिंकता आले नाही.

त्याच सुमारास प्रतिनिधित्वाचा प्रश्न करवीर संस्थानातूनही मांडला जात होता. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ ते १९२० या काळातील भाषणांतून जातवार प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखीव झाल्या, त्या बहुसदस्यीय मतदारसंघांतच. म्हणजे जागा राखीव, मतदार मात्र संयुक्त. निवडून येणारी व्यक्ती विशिष्ट समाजाची असली, तरी ती कोणाच्या मतांवर निवडून येते, हा पेच येथूनच सुरू होतो. पुणे करारानंतर (१९३२) तो अधिक तीव्र झाला.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत या पेचावर एक तोड होती. बहुसदस्यीय मतदारसंघात मतदारास जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. या एकवट मतदानाचे महत्त्व साध्या गणिताने कळते. चार जागांच्या मतदारसंघात १०,००० मतदार आहेत असे मानू. त्यांतील २,००१ जणांनी आपली चारही मते एकालाच दिली तर त्याला ८,००४ मते पडतात. उरलेल्या ७,९९९ जणांनी चार उमेदवारांना एकेक मत दिले तर त्यांपैकी प्रत्येकास ७,९९९ मते मिळतात. पाचव्या हिश्श्याहून किंचित अधिक असलेल्या गटाची एक जागा अशी निश्चित होते, आणि तीही कोणाच्या कृपेवाचून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत मिळविलेल्या यशाचा विचार करताना ही तरतूद नजरेआड करता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर द्विसदस्यीय मतदारसंघ राहिले, मते एकवटण्याची मुभा गेली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एका उमेदवारास एकाहून अधिक मत देणे निषिद्ध ठरविले. परिणाम १९५२ मध्येच दिसला. उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर १४,५६१ मतांनी पराभूत झाले. त्या मतदारसंघात ७४,३३३ मते बाद ठरली होती. निवडणूक अर्ज झाला, तो फेटाळला गेला.

कोल्हापूरचा अनुभव मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. १९५२ मध्ये कोल्हापूर-सातारा या द्विसदस्यीय मतदारसंघातून अपक्ष बाळासाहेब खर्डेकर आणि राखीव जागेवर काँग्रेसचे के. एल. मोरे निवडून आले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे शंकरराव दिगे असे दोघेही समितीच्या घटक पक्षांचे उमेदवार विजयी झाले. ज्या पद्धतीने मुंबईत फेडरेशनच्या नेत्याला हरविले, तिनेच कोल्हापुरात फेडरेशनला लोकसभेत पाठविले. फरक पडला तो आघाडीमुळे. मोठ्या मित्राची मते मिळाली तर जागा मिळते, अन्यथा नाही. या स्थितीला प्रतिनिधित्व म्हणावे की अवलंबित्व, याविषयी मतभेद संभवतात. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या शब्दाकडे आहे. १९६१ मध्ये द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द झाले.

२०२६ च्या प्रभागात 'अ', 'ब', 'क', 'ड' अशा जागा स्वतंत्र असतात. मतदार प्रत्येक जागेसाठी एकेक मत देतो. ती मते एकवटता येत नाहीत आणि पसंतीक्रमही नसतो. वस्तुतः ही एकाच मतदारवर्गापुढील चार स्वतंत्र बहुमताची निवडणूक होय. प्रतिस्पर्धी विभागलेले असतील तर ४० टक्के मतांवर चारही जागा एकाच पॅनेलकडे जाऊ शकतात. अनुसूचित जाती, इतर मागासवर्ग व महिला यांच्या राखीव जागांनाही हाच नियम लागू असल्याने १९१९ चा पेच तसाच कायम राहतो. एकसदस्यीय प्रभागात पेठेपेठेतील तालमींचे वर्चस्व असे, ही तक्रार खोटी नव्हती. परंतु एखाद्या वस्तीत एकवटून राहणाऱ्या लहान समाजाला आपला नगरसेवक निवडण्याची संधीही तेथेच होती. पाच-सहा वस्त्या एका प्रभागात आल्यावर ती संधी आक्रसते.

पसंतीक्रमाचे मतदान आपल्याकडे अपरिचित आहे, असे म्हणण्याची सोय नाही. पुणे विभागाच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत आपण प्राध्यापक मंडळी उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितोच. विधान परिषदेच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात नगरसेवकही तसेच मत देतात. महापालिकेच्या सभागृहात स्थायी समितीच्या व स्वीकृत सदस्यांच्या जागा पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणातच वाटल्या जातात. त्या सभागृहाची निवड करणाऱ्या मतदाराला मात्र जानेवारी २०२६ मध्ये पसंतीक्रमही मिळाला नाही आणि १९३७ ची एकवट मतेही मिळाली नाहीत.