रग्बी लीगमधली 'रिझर्व्ह ग्रेड' म्हणजे काय? खेळाडूला खाली का पाठवतात?

ऑस्ट्रेलियात मंगळवारी दुपारी एनआरएलच्या संघांची यादी जाहीर होते. त्यात एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचं नाव नसेल आणि त्याला दुखापतही नसेल, तर तो बहुधा रिझर्व्ह ग्रेडमध्ये खेळणार असतो.

रग्बी लीग म्हणजे दोन्ही बाजूंना 13 खेळाडू असलेली रग्बी (15 जणांची ती रग्बी युनियन). सिडनीत 1908 साली तिची स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासूनच मुख्य संघाखालोखाल दुसरी फळी खेळत आली आहे. आज ती न्यू साउथ वेल्स कप आणि क्वीन्सलँड कप या दोन स्पर्धांमध्ये खेळते. क्लबकडे 30 जणांची मुख्य तुकडी असते, पण सामन्यात त्यातल्या निम्म्याहून थोड्याच जणांना जागा मिळते. उरलेल्यांनी नुसता सराव केला तर अंगातली सामन्याची सवय सुटते. टॅकलचा मार, दमलेल्या पायांनी घेतलेले निर्णय या गोष्टी सरावात येत नाहीत.

घडवण्याचं ठळक उदाहरण मेलबर्न स्टॉर्मचं. कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर आणि कूपर क्रॉंक हे तिघंही सुरुवातीला ब्रिस्बेनच्या नॉर्थ्स डेव्हिल्सकडून क्वीन्सलँड कप खेळले. क्रॉंकला तर पक्की जागाच नव्हती. जिथे गरज तिथे त्याला वापरलं जाई. 2006 मध्ये तो मुख्य संघाचा हाफबॅक झाला आणि पुढे दोनदा, 2013 व 2016 साली, डॅली एम पदकाचा मानकरी ठरला. घाईने वर आणलं असतं तर कदाचित हे जमलंच नसतं.

खाली पाठवण्याची गोष्ट मात्र अवघड. 2021 मध्ये ब्रिस्बेन ब्रॉंकोजने अँथनी मिलफर्डला संघाबाहेर ठेवलं आणि तो साउथ्स लोगनकडून खेळला. त्याचा करार वर्षाला सुमारे दहा लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या, त्यामुळे चर्चा खेळापेक्षा पैशांचीच जास्त झाली. एवढ्या मोठ्या नावाला नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंच्या बरोबरीने उतरावं लागतं. कराराचं शेवटचं वर्ष असेल तर प्रत्येक आठवडा महागात पडतो, कारण दुसरे क्लबही तेच पाहत असतात.

प्रशिक्षकाने कारण स्पष्ट सांगितलं, म्हणजे 'टॅकल चुकतोय, तेवढं सुधारून ये' असं, तर खेळाडूला निदान काय करायचं ते कळतं. न सांगता पाठवलं तर ती शिक्षाच वाटते. दुखापतीतून परतणाऱ्याची गोष्ट वेगळी. एक-दोन सामन्यांत अंगाचा अंदाज घ्यायला तो स्वतःच खाली खेळतो.

एक अडचण सहसा लक्षात येत नाही. क्वीन्सलँड कपमधले संघ स्वतंत्र क्लब आहेत. त्यांना स्वतःचे प्रशिक्षक, स्वतःचे चाहते आणि स्वतःची ट्रॉफी जिंकायची असते. एनआरएल क्लबने पाठवलेल्या खेळाडूला हव्या त्या जागी खेळवायचं, तर वर्षभर तिथे राबलेल्या एखाद्याला बाहेर बसावं लागतं. पेनरिथ पँथर्ससारख्या क्लबना हे सोपं जातं, कारण त्यांचा स्वतःचाच संघ न्यू साउथ वेल्स कपमध्ये असतो आणि खेळण्याची पद्धत वरपासून खालपर्यंत एकच ठेवता येते. 2022 मध्ये पेनरिथने एनआरएल, न्यू साउथ वेल्स कप आणि युवा गटाच्या दोन स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या.