करवीरच्या इतिहासातील काही इंग्रजी शब्द

२६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात निघालेल्या हुकुमाविषयी आपण सर्वांनी काही ना काही ऐकलेले आहे. शाहू छत्रपती त्या वेळी सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेत होते. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा 'बॅकवर्ड क्लासेस'मधील उमेदवारांतून भराव्यात, असा त्या हुकुमाचा आशय. काही दिवसांपूर्वी दोघा तरुण स्नेह्यांबरोबर तो वाचण्याचा आम्हांस प्रसंग आला. वाचून झाल्यावर एकजण म्हणाला, "सर, काही म्हणा, पण महाराजांनी आपल्याच रयतेला बॅकवर्ड म्हणावे हे मनाला लागते." दुसरा उसळून म्हणाला, "लागायचे काय त्यात? तोच तर आपला पुरावा!"

दोघांचे म्हणणे ऐकून आम्ही विचारात पडलो. एकाला शब्द शिवीसारखा वाटत होता, दुसऱ्याला दाखल्यासारखा. पण १९०२ साली तो यांपैकी काहीच नव्हता. शब्दाचे अक्षर तेच राहते आणि आतला माल बदलतो. जुना कागद वाचणाऱ्याची फसगत होते ती येथेच. म्हणून या हुकुमाच्या आजूबाजूला वावरणारे दोनचार इंग्रजी शब्द आज तपासून पाहावे, असे आम्ही योजले आहे.

हुकूम छापला गेला तो संस्थानच्या गॅझेटात. सोळाव्या शतकात व्हेनिस शहरी 'गाझेटा' नावाचे एक हलके नाणे चालत असे. बातम्यांच्या कागदाला तेवढी किंमत पडे, म्हणून कागदालाच नाण्याचे नाव चिकटले, असे सांगतात. इंग्लंडात १६६५ साली सरकारी गॅझेट निघाले आणि नाण्याचा शब्द हुकुमाचा झाला. २०२५ साली आपल्याकडे 'हैदराबाद गॅझेट' हे शब्द पारापारावर ऐकू येऊ लागले. तेथे तर त्याचा अर्थ 'जातीचा जुना पुरावा' इथवर येऊन ठेपला होता. गॅझेट वाचलेले किती आणि बोलणारे किती, हा हिशेब आम्ही मांडीत नाही.

पण खरा करवीरी शब्द म्हणजे 'बोर्डिंग'. मूळ इंग्रजी 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळी. फळीचे मेज झाले, मेजावरचे अन्न झाले, आणि पैसे देऊन परक्याच्या मेजावर जेवणे म्हणजे 'बोर्डिंग' झाले. त्याच मेजाभोवती कारभारी बसले तेव्हा त्यांच्या मंडळालाही बोर्ड म्हणू लागले. कोल्हापुरातला एखादा मुलगा बोर्डिंगात राहतो, वर्गात बोर्डाकडे पाहतो आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा देतो. एकाच फळीवरून तो तीनदा चालतो हे त्याच्या गावीही नसते.

या शब्दाला आपल्याकडे जी वेगळी कळा आली ती का आली, हे समजण्यास त्या काळचे कोल्हापूर डोळ्यांसमोर आणले पाहिजे. गरीब ब्राह्मण मुलगा शिकावयास शहरात आला तर त्याला माधुकरीची वाट होती, वार लावून जेवण्याची सोय होती. ती वाट अपमानाची असेल, अर्धपोटीही असेल. पण ती होती. गडहिंग्लजकडच्या किंवा भुदरगडच्या कुणबी शेतकऱ्याचे पोर शाळेसाठी आले तर त्याने कोणाच्या दारी ताट मागावे? १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह काढण्यात आले, पण त्यात राहिले ते बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थीच. दार सर्वांना उघडे असले तरी आत एका पंगतीस बसण्याची तयारी समाजाची नव्हती. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत आणि इतर समाजांची निघाली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये निघालेल्या बोर्डिंगास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव दिले, ते मिस क्लार्क बोर्डिंग.

जातवार बोर्डिंगांनी जातिभेद पक्का केला, असा आक्षेप घेतात. तो अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ज्याच्यापुढे ताटच नव्हते त्याला पंगत कशी असावी हे विचारण्यापूर्वी त्याच्यापुढे ताट मांडणे जरूर होते. पाचगणीत 'बोर्डिंग' म्हटले की श्रीमंताचे लेकरू डोळ्यांपुढे येते, कोल्हापुरात गरिबाचे. शब्द एकच असून एवढी तफावत पडली ती या इतिहासामुळे.

आता 'क्लास'. प्राचीन रोमात नागरिकांचे त्यांच्या मिळकतीप्रमाणे व हत्यारांप्रमाणे गट पाडीत, त्यांचे हे नाव. पुढे ते शाळेत आले, समाजात आले आणि रेल्वेतून थेट आपल्या घरात आले. मिरजेहून कोल्हापुरास गाडी १८९१ मध्ये सुरू झाली. तिच्याबरोबर फर्स्ट, सेकंड, थर्डही आले. रेल्वेने थर्ड क्लास १९७४ मध्ये बंद केला, पण माणसांना लावण्यासाठी आपण तो अजून जपून ठेवला आहे! १९०२ च्या हुकुमात 'क्लास' म्हणजे सरळ जात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीच्या सर्व जाती 'बॅकवर्ड' समजाव्यात, अशी व्याख्या तेथेच दिलेली आहे.

आमच्या त्या तरुण स्नेह्याला लागलेल्या शब्दाचे उत्तर या व्याख्येतच आहे. 'बाकीच्या सर्व' यात मराठेही आले, म्हणजे खुद्द हुकूम काढणाऱ्या राजाची जात आली. त्याच सुमारास वेदोक्ताच्या प्रकरणात छत्रपतींच्या घराण्यालाही वैदिक मंत्रांचा अधिकार नाकारला जात होता. अशा राजाने हा शब्द वापरला तो खाली पाहून वापरलेला नाही; त्या रांगेत त्याने आपल्या जातभाईंनाही उभे केले आहे.

इंग्रजीत 'बॅकवर्ड' म्हणजे आधी केवळ मागच्या बाजूला. शेक्सपिअरच्या काळी त्याचा अर्थ 'नाखूष, मागे सरणारा' असाही होई. प्रगतीत मागे पडलेला, बुद्धीने मंद, हे अर्थ नंतरचे. मराठीत मात्र आपण त्याला जो शब्द दिला तो शेतातला आहे. आमच्याकडे शेतकरी आगाप पेरणी आणि मागास पेरणी म्हणतो. मागास पेरणीचे बी हलके असते असे नव्हे. पाऊस उशिरा आला किंवा औत वेळेवर मिळाले नाही, एवढाच त्याचा अर्थ. रानातला हा शब्द कचेरीत गेला आणि तेथे मात्र तो बियाण्यालाच चिकटला.

अर्थ फक्त शब्दांचेच बदलतात असेही नाही, आकड्यांचेही बदलतात. १९०२ च्या हुकुमात पन्नास हा गाठावयाचा टप्पा होता. ज्या कचेरीत मागासलेल्यांचे प्रमाण त्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातून करावी, असे कलम होते. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच आकडा सामान्यतः न ओलांडावयाची मर्यादा म्हणून सांगितला. नव्वद वर्षांत उंबऱ्याचे छत झाले. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा २०२१ मध्ये रद्द झाला त्यातही हे छत आडवे आले, आणि २०२४ मध्ये पुन्हा नवा कायदा झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. पण दोन्ही बाजूंनी १९०२ चा दाखला देणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. तेव्हा इंग्रजी कागदांत या समाजाला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. डिप्रेस्ड, म्हणजे कोणीतरी खाली दाबलेले. १९३५ च्या कायद्यापासून तो शब्द मागे पडून 'शेड्यूल्ड' आला. शेड्यूल म्हणजे मुळात कागदाची चिठ्ठी, मग कायद्याला जोडलेली यादी. दाबणारा हात पहिल्या शब्दात निदान जाणवत होता, दुसऱ्यात नुसता कागद उरला. आज कॉलेजातल्या मुलाला 'डिप्रेस्ड' म्हणा, तो डॉक्टरांचा पत्ता विचारील.

निघताना त्या पहिल्या तरुणाने आपल्या आजोबांची एक आठवण सांगितली. शिक्षण कोठे झाले असे कोणी विचारले की ते शाळेचे नाव सांगत नसत, कॉलेजचेही नाही. "मी बोर्डिंगचा," एवढेच म्हणत. आणि विचारणारा कोल्हापूरचा असेल तर पुढे काही विचारीत नसे.