वीज पाणी मागते

"वीज-पाणी" हा जोडशब्द आपण किती सहज वापरतो! निवडणुका आल्या की जरा जास्तच. पण मंडळी, मराठवाड्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला की लक्षात येतं, आमच्याकडे विजेची गोष्ट ही शेवटी पाण्याचीच गोष्ट आहे.

मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे मुळापासून सांगायची खोड. आता निवृत्त झालो तरी ती जात नाही.

1915 साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून पाणी अडवलं, ते घाटाखाली सोडलं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. तेव्हा आमचं माहूर निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात. राजधानी हैदराबादेत 1920 च्या सुमारास कोळशावरचं वीजकेंद्र उभं राहिलं, ते हुसेनसागर तलावाच्या काठी. कोळसा जाळायला तळं कशाला, असं वर्गात एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारायचं. उत्तर सोपं आहे. कोळसा पाणी उकळतो, वाफ चक्र फिरवते, आणि ती वाफ थंड करायला पुन्हा पाणीच लागतं. भरपूर लागतं.

हैदराबाद उजळलं तरी आमच्या डोंगरात मात्र घरोघरी घासलेटचा कंदीलच.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका, आणि त्याच्यासोबत माहूर, नांदेड जिल्ह्यात आलं. 1960 साली महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झालं. मग 1968 साली पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी 22.5 मेगावॉटचं वीजकेंद्र सुरू झालं. धरण भरलं तर वीज, नाही तर नाही! 1971 मध्ये परळी वैजनाथला औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला, 30 मेगावॉटचा. परळीला ना कोळशाची खाण, ना मोठी नदी. कोळसा रेल्वेने यायचा आणि पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून. तरी केंद्र वाढत गेलं आणि मराठवाड्याला त्याचा अभिमान वाटू लागला. वाटायलाच हवा होता.

मग दुष्काळ आला. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी परळीचे 1,130 मेगावॉटचे पाचही संच बंद ठेवावे लागले. जुलै 2015 मध्ये पुन्हा तीच पाळी आली. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसला जगातले देश हवामान बदलाचा करार करत होते. आणि चारच महिन्यांनी, एप्रिल 2016 मध्ये, लातूरकरांना पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. या तीन घटना शेजारी शेजारी मांडून पाहा. हवामान बदल कशाला म्हणतात हे समजायला आम्हांला पॅरिसला जायची गरज नव्हती.

पैनगंगेच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीने हंडे भरणाऱ्या बायका मी कितीतरी उन्हाळ्यांत पाहिल्या आहेत. त्या वाळूवर जे ऊन तापत असतं, ते मात्र कोणत्याच दुष्काळात कमी पडलेलं नाही. सौर तावदानं धुवायला थोडं पाणी लागतं, एवढंच. ज्या वर्षी धरण आटतं आणि परळी थांबते, त्याही वर्षी सूर्य कामावर हजर असतो. मराठवाड्यासाठी सौरऊर्जेचं महत्त्व मला इथे दिसतं.

दुसरी गोष्ट आमच्या शेतकऱ्याच्या जिवाची. शेतीची वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन गव्हाला पाणी द्यायला जायचं. साप, विंचू, आणि आमच्या जंगलपट्ट्यात रानडुकरंसुद्धा. दिवसा वीज मिळणं ही त्याच्यासाठी चैन नाही. 2017 साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली ती यासाठीच: गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले.

चांगलं आहे. पण मास्तराला एक जुना धडा आठवतो. 1921 साली मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. मुंबईला वीज मिळावी म्हणून मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. वीज एकाला, विस्थापन दुसऱ्याला! सूर्य पाणी मागत नाही हे खरं, पण जमीन मागतो. आणि सरकारी जमीन म्हटलं की आधी बोट जातं ते गायरानाकडे. कागदावर ते पडीक असतं. तांड्यावरच्या, वाडीवरच्या माणसाची शेळी मात्र तिथेच चरते, आणि त्या माणसाच्या नावावर भाडं घ्यायला जमीन नसते.

म्हणून गावोगावच्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. ग्रामसभेत असा ठराव आला तर विरोधासाठी विरोध करू नका, आणि माना डोलावून सहीही करू नका. गट नंबर कोणता, तिथे कोणाची गुरं चरतात, त्यांना दुसरं चराऊ रान कुठे मिळणार, आणि दिवसाची वीज आधी कोणाच्या विहिरीवर पोचणार, हे चार प्रश्न उभं राहून विचारा. मुळशीच्या शेतकऱ्यांना ते आधी विचारायची संधी कोणी दिली नव्हती. तुम्हांला आहे.