जमीन मालकाची, वापर वाहिनीचा

शेतात मोजणीच्या खुणा रोवल्या गेल्या, की शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जमीन जाणार काय, हा. उच्चदाब वीजवाहिनी, वायूची नळवाहिनी किंवा शेजाऱ्याच्या विहिरीवरून येणारा पाट यांसाठी बहुधा जमीन संपादित केली जात नाही. सात-बारा उताऱ्यावरील मालकाचे नाव कायम राहते; जमिनीतून वा जमिनीवरून वाहिनी नेण्याचा हक्क तेवढा दुसऱ्यास मिळतो. मात्र ‘संपादन नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहणे महागात पडू शकते. कारण जमीन विकली तरी हा हक्क तिच्यावर कायम राहतो आणि त्यासोबत येणारी बंधने नव्या मालकालाही पाळावी लागतात.

सुविधाधिकार म्हणजे काय?

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ अन्वये एका जमिनीच्या लाभदायक उपभोगासाठी तिच्या मालकाला वा भोगवटादाराला दुसऱ्याच्या जमिनीवर जो हक्क असतो, तो सुविधाधिकार होय. वाट, पाणी, उजेड व हवा ही त्याची परिचित उदाहरणे. हक्क म्हणून उघडपणे, शांततेने आणि अखंड २० वर्षे उपभोग घेतल्यास तो प्राप्त होतो. सरकारी जमिनीबाबत ही मुदत ३० वर्षांची आहे. या व्याख्येत दोन जमिनी गृहीत आहेत. वीज वा वायू कंपनीजवळ लाभ घेणारी अशी दुसरी जमीन नसते. म्हणूनच लोकोपयोगी वाहिन्यांसाठी स्वतंत्र कायदे करावे लागले.

पाटपाणी

शेतीच्या पाण्याचा प्रश्न महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ मध्ये येतो. शेजाऱ्याशी समझोता न झाल्यास शेतकरी तहसीलदाराकडे अर्ज करू शकतो. शेजाऱ्याचे कमीत कमी नुकसान होईल असा मार्ग ठरविला जातो. भूमिगत नळ किमान अर्धा मीटर खोल असावा, पाटाची रुंदी दीड मीटरहून अधिक नसावी आणि दुरुस्ती अर्जदाराने करावी, अशा अटी त्यात आहेत.

वीजवाहिनी

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६७ व त्याखालील २००६ च्या नियमांनुसार परवानाधारकास मालकाची पूर्वसंमती घ्यावी लागते. नकार मिळाल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. परंतु कलम १६४ खाली सरकारने विशेष आदेश काढल्यास कंपनीस भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील अधिकार मिळतात आणि पूर्वसंमतीची अट उरत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही वीजवाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा हा भाग कायम ठेवण्याची तरतूद आहे. या कायद्याने कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो. शक्य तितके कमी नुकसान करणे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे. रक्कम अपुरी वाटल्यास कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

भरपाई केवळ पिकांची व झाडांची, ही समजूत अपुरी आहे. केरळ राज्य वीज मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जमिनीचे स्थान, वाहिनीचे अंतर आणि ती शेताच्या मधून जाते की कडेने, या बाबी विचारात घ्यावयास सांगितले. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला सुचविला होता. जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. या सूचना राज्यांनी स्वीकारावयाच्या असल्याने शेतकऱ्याने राज्याचा लागू शासन निर्णय पाहणे इष्ट. ४०० किलोव्होल्ट वाहिनीचा पट्टा साधारणतः ४६ मीटर रुंद धरला जातो, हे ध्यानी घेतल्यास या टक्क्यांचे महत्त्व कळते.

नळवाहिनी

दाभोळ-बंगळूरसारख्या वायुवाहिन्यांसाठी पेट्रोलियम व खनिज नळवाहिन्यांसंबंधीचा १९६२ चा केंद्रीय कायदा लागू होतो. अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे हरकत नोंदवावी लागते. नळ पुरल्यानंतर पूर्वीप्रमाणे पिके घेता येतात. मात्र त्या पट्ट्यात घर बांधणे, विहीर वा तळे खोदणे आणि झाड लावणे यांस कलम ९ ने मनाई आहे. मोबदला म्हणून प्रत्यक्ष नुकसानीखेरीज अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. ती मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. जमिनीचा तुकडा लहान असेल आणि नळ मधोमध जात असेल, तर पुढच्या पिढीची विहीर कोठे व्हावी, याचा निर्णय त्या २१ दिवसांतच होऊन जातो.

सही करण्यापूर्वी

नोटिशीत कोणत्या कायद्याचे व कलमाचे नाव आहे, ते प्रथम पाहावे. पट्ट्याची लांबी-रुंदी दर्शविणारा नकाशा मागून घ्यावा. पिके, झाडे, विहीर व बांध यांचा पंचनामा काम सुरू होण्यापूर्वी करून त्याची प्रत जवळ ठेवावी. पिकाची भरपाई स्वीकारताना ‘अंतिम व पूर्ण मोबदला’ असे शब्द पावतीवर असल्यास सही करण्याआधी कायदेशीर सल्ला घ्यावा. जमीन खरेदी करणाऱ्यानेही सात-बाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचून प्रत्यक्ष शिवारात फिरून यावे. तारा दिसतात, पुरलेला नळ दिसत नाही.