वकीलपत्र घेणाऱ्या बाया

'असल्याला वकील कशाला? द्या फाशी!' २६ नोव्हेंबर २००८ नंतर आमच्या जोयड्यातही ओसरीओसरीवर हेच बोलणं. काळी नदीकाठचं आमचं जंगल कुठं आणि मुंबई कुठं. पण ताजमहाल हॉटेलातली आग सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेली. १६६ माणसं गेली. हल्लेखोरांपैकी जिवंत सापडला तो एकटा अजमल कसाब. राग खरा होता. त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असा ठराव मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेनंही केला.

पण घटनेच्या २२ व्या कलमानं अटक झालेल्या माणसाला वकिलाकरवी बचावाचा हक्क दिलाय. ज्याला वकील नाही, त्याला तो सरकारी खर्चानं द्यावा लागतो. म्हणून ३० मार्च २००९ रोजी विशेष न्यायाधीश ताहिलियानी यांनी अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. बाईंचे यजमान पोलीस खात्यात. आणि हल्ल्यात करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे असे पोलीसच धारातीर्थी पडलेले. त्याच रात्री वरळीला त्यांच्या घरासमोर जमाव जमला, घोषणा झाल्या, दगड आले. बाईंनी विचाराला वेळ मागितला आणि मग काम स्वीकारलं. पंधरवड्यात ते गेलंही, कारण याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचं काम त्यांच्याकडे होतं.

मैत्रिणींनो, दगड वकिलावर मारला तरी पडतो घरावर. आत मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, चुलीवर भात असतो. अशील दोषी असेल हे वकिलालाही दिसत असतं, मेलेल्यांचे फोटो त्यालाही बघावे लागतात. तरी सकाळी उठून पुरावा तपासायला जायचं, आणि हे ओझं कुणाजवळ उतरवायची सोय नाही. शेजारीपाजारी तर आधीच तोंड फिरवलेलं.

याच खटल्यात फहीम अन्सारी नावाचा एक भारतीय आरोपी होता. त्याचे वकील शाहिद आझमी. त्यांनी स्वतः तरुणपणी तुरुंग भोगला होता. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या त्यांच्या कचेरीत शिरून त्यांना गोळ्या घातल्या. वय अवघं ३२. पुढं ३ मे २०१० रोजी निकाल लागला : कसाब दोषी, फहीम आणि सबाउद्दीन अहमद मात्र निर्दोष, कारण त्यांच्याविरुद्धचा पुरावा कोर्टाला पटला नाही. वकीलच दिला नसता, तर रागाच्या भरात हे दोघेही गेले असते. ज्यानं फहीमची बाजू लढवली, तो मात्र हे ऐकायला नव्हता.

कसाबच्या अपिलात उच्च न्यायालयात अमीन सोलकर यांच्यासोबत फरहाना शाह उभ्या राहिल्या. समोर न्यायासनावर रंजना देसाई आणि रणजित मोरे. एक बाई बाजू मांडते, दुसरी बाई ती ऐकते. २१ फेब्रुवारी २०११ ला फाशी कायम झाली, दोघांची सुटकाही कायम झाली. पुढं सर्वोच्च न्यायालयानंही तेच केलं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी दिली.

आपण जैन बायका अनेकांत लहानपणापासून ऐकतो. दुसऱ्याची बाजू ऐकणं म्हणजे त्याचं पाप पाठीशी घालणं नव्हे. असं वकीलपत्र घेणारी एखादी बाई उद्या आपल्या गल्लीत राहायला आली, तर तिच्या मुलांना आपल्या अंगणात खेळू द्यावं. एवढं आपल्या हातात आहे.